पद लिहा, नाव नको

"सत्याला पक्ष नसतो, सत्याला जात नसते, आणि सत्याला कुणाची भीतीही नसते," असं मी आंबेखिंडच्या एसटी स्टँडवर उतरल्या उतरल्या म्हणालो.

वाक्य प्रवासात तयार केलेलं होतं. गाडीत शेजारी कुणी नव्हतं, त्यामुळे ते वाया जाऊ नये असं वाटत होतं. मला न्यायला आलेल्या तिथल्या साप्ताहिकाच्या बातमीदाराने, इकबाल मुजावरने, माझी पिशवी मोटारसायकलच्या हँडलला अडकवली, मागे-पुढे पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाला, "सर, हे वाक्य इथं परत म्हणू नका. सोमवारच्या सभेत शिडीवाले हेच म्हणालेत. लोक तुम्हाला त्यांचाच माणूस समजतील."

मी विषय बदलला. ऊन फार आहे, म्हणालो.

"हे चालेल," इकबाल म्हणाला. "फक्त छत्री आणायला हवी होती, असं म्हणू नका."

खऱ्या पक्षांची नावं मी इथे घेत नाही. त्या गावात दोनच पक्ष चालत, आणि गावही त्यांना निवडणुकीतल्या चिन्हांवरूनच ओळखत असे. एक शिडी, दुसरी छत्री. तेवढं पुरे.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. मी तेव्हा नुकताच निवृत्त झालो होतो. एका दैनिकाच्या शेवटच्या पानावर मी आयुष्यभर राजकारणावर विनोदी सदर लिहिलं होतं आणि त्याबद्दल जवळपास सगळ्या पक्षांनी माझा जाहीर निषेध केला होता. एका पक्षाने दोनदा केला, कारण मधल्या काळात तो फुटला होता. पुण्याच्या एका संस्थेने ही निषेधांची कात्रणं पाहून, हा माणूस निःपक्ष असला पाहिजे, असा निष्कर्ष काढला. आळशी माणूसही सगळ्यांना सारखाच नकोसा होतो, हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

काम असं होतं. आंबेखिंडमध्ये 'आंबेखिंड वार्ता' नावाचं साप्ताहिक निघत असे. त्याला मालक नव्हता. गावातल्या काही मंडळींनी न्यास केला होता. वाचकांच्या वर्गणीवर आणि या पुण्याच्या संस्थेच्या मदतीवर ते चाले. पुढाऱ्यांच्या वाढदिवसांच्या जाहिराती घ्यायच्या नाहीत, नफा काढायचा नाही, आणि कुठल्याही पक्षाची बाजू घ्यायची नाही, असं न्यासाच्या घटनेत लिहिलेलं होतं. घेतलीच, तर साप्ताहिक बंद करायचं, हेही लिहिलेलं होतं. आणि आता नगराध्यक्ष भाऊसाहेब खराडे यांनी पुण्याला लेखी तक्रार केली होती, की हे साप्ताहिक पक्षपाती आहे आणि त्याचा त्रास मला व्यक्तिशः होतो.

तेव्हा मी वर्षभराचे अंक वाचायचे, बातम्या कोणत्या पक्षाकडे झुकतात ते पाहायचं, छापलेलं खरं होतं का ते गावात फिरून तपासायचं, आणि निकाल द्यायचा. झुकतात असं ठरलं, तर संपादक मंदाताई शेडगे यांनी कुलूप लावायचं.

कचेरी एका पिठाच्या गिरणीच्या वर होती. दोन खोल्या, दोन टेबलं, आणि सगळ्यावर पिठाचा हलका थर. खुर्चीवर बसण्याआधी ती झटकायची, हे तिथलं स्वागत. मंदाताई पन्नाशीला टेकलेल्या. पूर्वी जिल्ह्याच्या दैनिकात होत्या. मालकाच्या नातवाच्या बारशाची बातमी पहिल्या पानावर लावायला त्या नाही म्हणाल्या आणि त्याच दिवशी बाहेर पडल्या.

"बारशाची बातमी खोटी होती का?" मी विचारलं.

"खरी होती. पेढाही खाल्ला मी. पण त्या दिवशी धरणाचे दरवाजे उघडले होते आणि खालची गावं झोपलेली होती."

"आणि हे बंद पडलं तर काय कराल?"

"खाली गिरणीत जाईन," त्या म्हणाल्या. "तिथं निदान जे वरून टाकलं तेच खाली येतं." हे त्या हसून म्हणाल्या, पण बोलताना हातातला अंक त्यांनी उगाचच दोनदा सरळ केला.

त्या कचेरीत दोन रिवाज होते आणि दोन्ही मी दुसरीकडे कुठे पाहिले नाहीत. पहिला मंदाताईंचा. पहिल्या पानावर, सगळ्यात वर, मथळ्याच्याही आधी 'आमचं चुकलं' अशी चौकट असे. मागच्या अंकातल्या चुका त्यात छापायच्या. शिवाय दर गुरुवारी सकाळी ज्याची चूक असेल त्याने उभं राहून ती मोठ्याने वाचायची आणि मग बसायचं. गावातले बरेच लोक वर्गणी केवळ त्या चौकटीसाठी भरत, असं इकबाल म्हणाला. "आमच्या बातम्यांवर त्यांचा विश्वास आहेच, सर. पण आमच्या चुकांवर जास्त आहे."

दुसरा रिवाज प्रभाकर शेटे यांचा. शेटे न्यासाचे अध्यक्ष. बाजारपेठेत त्यांचं औषधांचं दुकान होतं. स्वभावाने गरीब, आणि भित्रेपणाला सावधपणा म्हणायची सवय. त्यांनी नियम घातला होता, की बातमीत पद लिहायचं, पक्ष लिहायचा, पण माणसाचं नाव लिहायचं नाही.

"का?" मी विचारलं.

"वैयक्तिक होतं हो. आपण व्यक्तीच्या विरुद्ध नाही, प्रवृत्तीच्या विरुद्ध आहोत." मग जरा थांबून म्हणाले, "शिवाय नाव छापलं की माणूस दुकानात येतो. पद कधी दुकानात येत नाही."

मी कामाला लागलो. संस्थेची पद्धत सोपी होती. प्रत्येक बातमी वाचायची आणि ती कोणत्या पक्षाला लागते ते टिपायचं. शिडीला, छत्रीला, किंवा इतर. विनोदी लेखकाला असं काम देणं म्हणजे आचाऱ्याला मिठाचे खडे मोजायला बसवण्यासारखं आहे, पण मी ते मनापासून केलं. दुपारनंतर इकबालच्या मागे बसून मी गावात खरं-खोटं पाहायला जायचो.

एक बातमी मला आठवते. 'बालोद्यानाचं उद्घाटन झालं, झोपाळे मात्र नाहीत. खांबांवर वाळतं धोतर.' आम्ही बागेत गेलो. झोपाळ्यांचे खांब होते, झोपाळे नव्हते. खांबांना दोरी बांधून एक बाई कपडे वाळत घालत होत्या.

"मावशी, पेपरात आलं होतं ते खरं का?" मी विचारलं.

"झोपाळ्यांचं खरं हाय," त्या म्हणाल्या. "धोतराचं खोटं. आमच्यात कोण धोतर नेसतंय? ती माझी पांढरी साडी होती. मी जाऊन सांगितलं बाईंना. त्यांनी छापलं की पुढच्या अंकात, वर, चौकटीत." त्यांनी दोरीवरची साडी सारखी केली. "माझ्या जावयानं फोन करून विचारलं, आत्या, तुमची साडी पेपरात कशी आली?"

"आणि झोपाळ्यांचं पुढं काय झालं?"

"काय होतंय? आम्ही काही जणी गेलो होतो विचारायला. पेपरात छत्रीवाले म्हणून लिहिलेलं, म्हणून छत्रीच्या हापिसात गेलो. तिथले म्हणाले, आमचा काय संबंध."

मी त्या बातमीपुढे 'खरी' अशी खूण केली आणि पुढे गेलो. टाकीला गळती आहे, खरी. मटण मार्केटमागचे दिवे लागत नाहीत, खरी. इकबालने तिथे मला ठेच लागू दिली, म्हणजे खात्री व्हावी. इतकं खरं एका जागी पाहायची मला सवय नव्हती. थोडं अस्वस्थच वाटलं.

बुधवारी संध्याकाळी माझा हिशेब पुरा झाला आणि मी तो पुन्हा तपासला, कारण तो विश्वास बसण्यासारखा नव्हता. वर्षभरात शिडीला लागणाऱ्या जितक्या बातम्या, बरोबर तितक्याच छत्रीला लागणाऱ्या. एकाचाही फरक नाही. सोनाराच्या काट्यावरही असं कधी जमत नाही.

गुरुवारी सकाळी मी हे कचेरीत जाहीर केलं. शेटे मुद्दाम आले होते. ऐकून त्यांनी डोळे मिटले, उघडले आणि खाली गिरणीवाल्याला हाक मारून पेढे आणायला सांगितलं. दुपारी चारला भाऊसाहेब स्वतः निकाल ऐकायला येणार होते. शेटे म्हणाले, आता येऊ देत, आता आपण त्यांना चहासुद्धा देऊ.

 मंदाताईंनी मात्र माझे कागद पुढे ओढले आणि उभ्याउभ्याच वाचू लागल्या.

"सर, हे शिडीला लागणारं सगळं पाडव्याच्या आधीचं आहे."

"हो."

"आणि छत्रीला लागणारं सगळं पाडव्यानंतरचं."

"हो. पाडव्याच्या सुमारास नगरपालिकेत सत्ता बदललेली दिसते," मी म्हणालो. "आधी 'सत्ताधारी शिडी' असं येतं, मग 'सत्ताधारी छत्री' येतं. तुम्ही दोन्ही सत्ताधाऱ्यांना सारखंच झोडपलंय. म्हणून तर मला कौतुक वाटतं."

इकबालने माझ्याकडे पाहिलं आणि मग पंख्याकडे पाहिलं.

"सत्ता नाही बदलली, सर," मंदाताई म्हणाल्या. "पाडव्याला भाऊसाहेब शिडीतून छत्रीत गेले. सगळे नगरसेवक घेऊन. सकाळी गुढी उभारली आणि दुपारी गेले."

"पण मग छत्रीत आधीपासून होते ते नगरसेवक?"

"ते शिडीत गेले," इकबाल म्हणाला. "तिकडं जागा झाली होती ना."

"ही बातमी तुम्ही छापली नाही?"

"पहिल्या पानावर छापली. 'नगराध्यक्षांचा छत्रीत प्रवेश.'"

ती मी वाचली होती. पावसाळ्याच्या तयारीची बातमी असावी, अशा समजुतीने 'इतर'मध्ये घातली होती.

"म्हणजे बघा," मंदाताईंनी कागद टेबलावर ठेवला. "पक्ष मोजले तर आम्ही अगदी सारखे. माणूस मोजला तर वर्षभर सगळं एकाच माणसाच्या विरुद्ध आहे. हे असं समान म्हणून देता येणार नाही. हे चुकलंय."

शेट्यांच्या हातात तोवर पेढ्यांचा पुडा आला होता. तो त्यांनी न सोडताच खाली ठेवला. "मंदाताई, तुम्ही बसा जरा. साहेबांनी त्यांच्या पद्धतीनं मोजलंय. संस्थेनं पक्ष मोजायला सांगितलेत. माणसं मोजायला कुणी सांगितलंय?"

"शेटेकाका, चार वाजता ते येणार आहेत. त्यांना माहीत नसेल का, पाडव्याला कोण कुठं गेलं ते?"

"त्यांना माहीत आहे. पण पुण्याला माहीत नाही."

"मला माहीत आहे ना," मंदाताई म्हणाल्या.

मी त्यांना म्हणालो, "बाई, हा कागद असाच पाठवला तर तुमचं साप्ताहिक वाचतं. बदलला तर काय होईल, मी सांगू शकत नाही. एवढं तुम्हाला कळतंय ना?"

"कळतंय. रात्रभर त्याच विचारात होते की काय निघेल. पण सर, साडीला धोतर म्हटलं तर मी छापते, की आमचं चुकलं. आणि आमच्या फायद्याचं चुकलं तर ठेवून घ्यायचं? मग ती चौकट कशाला?"

"तुम्ही त्यांच्या विरुद्ध आहात का? खरं सांगा."

"मी त्यांना मत दिलंय," त्या म्हणाल्या. "दर वेळी."

"का?"

"समोर उभे होते त्यांना मी ओळखते."

"मग सगळं त्यांच्याच विरुद्ध कसं?"

"पाणी त्यांच्याकडं, दिवे त्यांच्याकडं, बाग त्यांच्याकडं. दुसऱ्या कुणाच्या हातात काही असतं तर त्याचंही छापलं असतं. विरोधकांच्या हातात सध्या फक्त माईक आहे. तो चालतो."

 इकबाल अतिशय नम्रपणे म्हणाला, "सर, आज गुरुवार आहे."

मला कळायला थोडा वेळ लागला. मग मी उभा राहिलो, माझी चूक मोठ्याने वाचली आणि बसलो. इतक्या वर्षांत इतके निषेध झाले, पण उभं कुणी केलं नव्हतं.

चारला भाऊसाहेब खराडे आले. उंच, पांढरे स्वच्छ कपडे, आवाज मऊ. त्यांनी खुर्ची झटकली, हाताकडे पाहिलं, हात झटकला आणि बसले. शेट्यांनी चहा पुढे केला. 

"बोला, लेखकसाहेब," भाऊसाहेब म्हणाले. "काय निघालं?"

मी सांगितलं. छापलेली माहिती तपासली, ती खरी आहे. जिथे चुकली तिथे दुरुस्तीही छापली आहे. पक्षांचं म्हणाल तर कल कुठेच नाही. परंतु सत्ताधाऱ्यांवर टीका करणाऱ्या वर्षभराच्या बातम्या पाहिल्या, तर त्या सगळ्या एकाच व्यक्तीच्या कारभाराबद्दल आहेत.

"कुणाच्या?"

"आपल्या."

शेटे खिडकीतून खाली पाहू लागले. मंदाताई सरळ बसल्या होत्या, हात मांडीवर. इकबालने लिहायला पेन काढलं आणि तसंच धरून ठेवलं.

"सगळ्या?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"सगळ्या."

"टाकीची?"

"ती पण."

"मटण मार्केटच्या दिव्यांची?"

"तीही."

"आणि बागेची?"

"झोपाळ्यांसकट."

भाऊसाहेबांनी बशी खाली ठेवली. "आणि या एवढ्या बातम्यांमध्ये माझं नाव किती वेळा आलं?"

मी कागद पाहिला, पण पाहायची गरज नव्हती. "एकदाही नाही."

ते शेट्यांकडे वळले. "बघा. हेच मी पुण्याला लिहिलं होतं."

शेटे वळले. "काय लिहिलं होतं?"

"की पक्षपात आहे. सत्ताधारी शिडी, सत्ताधारी छत्री. पद कधीमधी, बाकी सगळं पक्षाचंच. अहो, बागेची बातमी आली तेव्हा बायका छत्रीच्या ऑफिसात गेल्या. तिथं बबनराव कदम बसतात, तालुकाध्यक्ष. त्यांनी कधी त्या बागेत पाऊल टाकलं नाही. बाग मी केली. झोपाळे मी बसवले नाहीत. आणि लोक जाब विचारायला बबनरावांकडं? बबनराव मला फोन करून सांगतात, भाऊ, तुमच्या बागेचं आमच्याकडं काढतायत, पण मी सांभाळून घेतलं. मला सांभाळून घेतलं त्यांनी." त्यांनी हनुवटीवरून हात फिरवला. "पंधरा वर्षं झाली, शेटे. या गावात जे झालं ते मी केलं. जे झालं नाही, तेही दुसऱ्या कुणी केलं नाही असं नाही. मी केलं नाही."

खाली गिरणी चालू झाली आणि काही वेळ कुणाचंच कुणाला ऐकू आलं नसतं. ती थांबली तेव्हा मंदाताई बोलल्या. 

"म्हणजे आम्ही वर्षभर प्रत्येक वाक्य खरं छापलं," त्या म्हणाल्या, "आणि ते कुणाला विचारायचं, ते गावाला कळलंच नाही."

भाऊसाहेब म्हणाले, "मी तेच म्हणतोय, ताई. जरा कमी शब्दांत."

"शेटेकाका, नाव छापायचं."

"अहो, पण दुकानात..."

"मी दुकानात येऊन काय करणार आहे?" भाऊसाहेब म्हणाले. "माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या तुमच्याकडूनच जातात. मला त्रास झाला तर विक्री तुमचीच वाढणार."

शेट्यांनी मान हलवली. होकार होता की नकार, ते कळलं नाही, पण इकबालने होकार लिहून घेतला.

"एक सांगते," मंदाताई म्हणाल्या. "नाव येईल, पण बातमी तीच राहील. झोपाळे नाहीत तर नाहीत, असंच येईल."

"येऊ दे. आणि बसवले तर?"

"तर तेही छापू. आतल्या पानात."

भाऊसाहेबांनी यावर विचार केला. आतल्या पानात म्हणजे किती आत, असं विचारावं की नाही, हे चेहऱ्यावर दिसत होतं. त्यांनी विचारलं नाही. "तक्रार मी मागे घेतो," ते म्हणाले.

मी पेन उघडलं. "मग निकालात काय लिहू? पक्षपात होता की नव्हता?"

"होता, मिटला, असं लिहा," भाऊसाहेब म्हणाले.

"तसं लिहू नका," मंदाताई म्हणाल्या. "पक्षपात नव्हता. माहिती खरी होती. पण भीतीपोटी अर्धी होती. ही शेवटची ओळ नक्की लिहा, सर."

"भीतीपोटी हा शब्द गाळता येईल का?" शेट्यांनी विचारलं.

"नाही," मंदाताई आणि मी एकदमच म्हणालो. निकाल तसाच गेला. 'आंबेखिंड वार्ता' त्यानंतर मी विचारपूस करणं सोडेपर्यंत तरी चालू होतं.

भाऊसाहेब उठले. आम्ही सगळे उठलो. शेट्यांनी अखेर पेढ्यांचा पुडा सोडला. मला वाटत होतं, लोकशाहीत असा क्षण वारंवार येत नाही; ज्याच्यावर टीका व्हायची तो सत्ताधारी स्वतःहून म्हणतो, माझं नाव घ्या, मला विचारा. यावर मी मनात एक वाक्य जुळवायलाही घेतलं होतं. भाऊसाहेब जिन्याच्या दोन पायऱ्या उतरून थबकले आणि मागे वळले. इकबालने पुन्हा पेन धरलं.

"मंदाताई," ते म्हणाले, "नावाबरोबर फोटो टाकणार असाल तर ऑफिसातून नवा मागवून घ्या. तुमच्याकडं असेल त्यात माझ्या गळ्यात शिडीचं उपरणं आहे. तेवढं बघा."